गर्दीचा टॉवर चाकांवर, पेठची रेंज वाऱ्यावर

हजच्या दिवसांत आपल्या घराघरांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "अब्बांचा फोन लागला का?" मालेगाव असो, जुनं नाशिक असो की भिवंडी, अराफातच्या दिवशी घरातला प्रत्येक जण मोबाईल हातात धरून बसलेला असतो. तिकडून नुसता एक मिस कॉल आला तरी अम्मीचा जीव भांड्यात पडतो. आणि परत आल्यावर हाजीसाहेब सांगतात, "रेंज तर फुल होती, पण फोनच लागत नव्हता."

या एका वाक्यात गर्दीतल्या नेटवर्कचं सगळं दुखणं आहे. ते दुखणं आता आपल्या जिल्ह्याच्या दाराशी येऊन उभं आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरलं आहे. अमृतस्नानाच्या तारखा आहेत २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७. त्र्यंबकेश्वरला तिसरं स्नान १२ सप्टेंबरला. राज्य सरकारने मेळ्यासाठी वेगळं प्राधिकरण केलं आहे. रस्ते, घाट, पूल यांची चर्चा रोज होते. पण लाखो माणसांच्या खिशातल्या फोनचं काय होणार, यावर लोक फारसं बोलत नाहीत.

गुजरातकडून येणाऱ्या भाविकांचा एक मोठा रस्ता पेठ तालुक्यातून येतो. वापी, वलसाड, धरमपूर, कपराडा या भागातली माणसं राष्ट्रीय महामार्ग ८४८ वरून पेठमार्गे थेट नाशिकच्या पंचवटीत उतरतात, आणि रामकुंड पंचवटीतच आहे. या रस्त्यावर कोटंबी आणि सावळघाट असे दोन घाट लागतात, करंजाळीसारखी गावं लागतात, डोंगराच्या कुशीतले पाडे लागतात. घाटात बोलता बोलता फोन कट होणं इथे कुणाला नवं नाही.

म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोन उलटे आजार आहेत. रामकुंडावर टॉवर भरपूर, पण माणसं त्याहून जास्त. पेठकडे माणसं विखुरलेली आणि टॉवर तुरळक. पहिल्या आजारावर आज चांगली औषधं निघाली आहेत, त्यांची माहिती पुढे देतो. पण त्यातली बरीचशी औषधं ट्रकवर बसून येतात आणि मेळा संपला की ट्रकवर बसूनच परत जातात. पेठच्या वाट्याला त्यातलं काय उरणार, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

फुल रेंज, तरी फोन का लागत नाही?

फोनवर दिसणाऱ्या रेंजच्या काड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत नीट पोहोचतोय. तुमचं ऐकायला टॉवरला सवड आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत. रेशन दुकानाची पाटी लांबून स्पष्ट दिसते, पण आत किती रांग आहे ते पाटीवरून कळत नाही, तसंच हे.

कॉल लावताना किंवा मेसेज पाठवताना फोनला आधी टॉवरचं दार ठोठवावं लागतं. फोरजीमध्ये टॉवरच्या एका सेलला अशा ठोठावण्याचे ६४ ठरलेले प्रकार असतात. फोन त्यातला एक निवडतो. एकाच क्षणी दोन फोनांनी सारखाच प्रकार निवडला तर दोघांचीही डाळ शिजत नाही. थोडं थांबून पुन्हा ठोठवावं लागतं. गावात संध्याकाळी पन्नास फोन असतील तर याची अडचण येत नाही. पण घाटावर पंधरा-वीस हजार फोन एकाच वेळी दार वाजवत असतील तर टक्कर होते, पुन्हा प्रयत्न होतो, पुन्हा टक्कर होते. वर आपण माणसंही तशीच. फोन लागला नाही की लगेच पुन्हा लावतो, मग पुन्हा. आपल्या प्रत्येक प्रयत्नाने रांग आणखी लांबते.

दार उघडलं तरी आतली जागा मोजकीच. फोरजीचं २० मेगाहर्ट्झचं चॅनेल म्हणजे १०० तुकडे, आणि दर मिलिसेकंदाला त्यांची नव्याने वाटणी होते. ते त्या सेलमधल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचे.

यात गर्दीची स्वतःची एक तऱ्हा आहे. घरी बसलेला माणूस इंटरनेटवरून बहुतेक वेळ घेतच असतो, व्हिडिओ बघतो, गाणी ऐकतो. यात्रेतला माणूस देतो. तो फोटो पाठवतो, घरच्यांना व्हिडिओ कॉल करतो, लाईव्ह जातो. नेटवर्कची आखणी मात्र घेणाऱ्याच्या हिशेबाने झालेली असते, टॉवरकडून फोनकडे येणारा रस्ता रुंद आणि फोनकडून टॉवरकडे जाणारा अरुंद. त्यात फोनची ताकद साधारण पाव वॅटहूनही कमी. म्हणून गर्दीत सगळ्यात आधी तुंबते ती पाठवण्याची वाट. "मला त्याचा मेसेज आला, पण माझा जात नाही" ही तक्रार त्यातूनच येते.

वायफायचंही तसंच. वायफायचा नियम म्हणजे आधी ऐका, कुणी बोलत नसेल तर बोला. चार माणसांच्या खोलीत तो छान चालतो. हजार माणसांच्या मंडपात जो तो दुसऱ्याचं संपायची वाट बघत राहतो आणि अर्धा वेळ नुसत्या वाट बघण्यात जातो. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारी चॅनेलं जेमतेम तीन. शिवाय माणसाचं शरीर बहुतेक पाण्याचं, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. म्हणजे गर्दी ही नुसती जास्त ग्राहकांची नसते, ती एक चालती-बोलती भिंतही असते. म्हणूनच यंत्र डोक्याच्या वर, उंच खांबावर लावावं लागतं.

नवी औषधं

पहिला उपाय जुनाच आहे, फक्त आता तो स्वस्त झाला आहे : एका मोठ्या टॉवरऐवजी अनेक छोटे. विजेच्या खांबावर बसेल एवढा छोटा सेल दोन-चारशे पावलांचा परिसर सांभाळतो आणि तीच लहर पुढच्या चौकात पुन्हा वापरता येते. त्याच्या जोडीला चाकांवरचे टॉवर. ट्रकवर उभा केलेला खांब, सोबत जनरेटर. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात कंपन्यांनी या दोन्ही गोष्टी मोठ्या प्रमाणावर वापरल्या.

दुसरा उपाय फाईव्हजीच्या अँटेनाचा. जुना अँटेना गल्लीतल्या दिव्यासारखा सगळीकडे सारखा प्रकाश टाकतो. नवा अँटेना म्हणजे एकाच पेटीत अनेक छोटे अँटेना, बऱ्याचदा ६४, आणि ते मिळून टॉर्चसारखे वेगवेगळे झोत वेगवेगळ्या दिशांना सोडतात. एकाच लहरीवर एकाच वेळी अनेकांशी बोलणं त्यामुळे जमतं. पण कंपन्यांच्या जाहिरातीत एक गोष्ट नसते. झोत वेगळे करायचे तर माणसंही वेगवेगळ्या दिशांना हवीत. घाटाच्या पायरीवर खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोघांना हा अँटेना वेगळं करू शकत नाही. तिथे छोटे सेलच लागतात.

तिसरा उपाय नव्या वायफायचा. वायफाय ६ मध्ये एकाच चॅनेलचे तुकडे करून एकाच फेरीत अनेक फोनांना वाटता येतात. जुन्या वायफायमध्ये एक प्रवासी एक बस घेऊन जायचा, आता एका बसमध्ये बरेच जण बसतात. शेजारच्या यंत्राचा आवाज ओळखून त्याच्याकडे काणाडोळा करण्याची सोयही त्यात आहे, त्यामुळे उगाच थांबणं कमी होतं. जानेवारी २०२४ पासून प्रमाणित होऊ लागलेलं वायफाय ७ एकाच वेळी दोन-तीन पट्ट्यांवरून काम करतं. त्याला पुरेशी जागा मिळावी म्हणून ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा खालचा भाग विनापरवाना खुला करण्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये काढला. मंडप, मदत केंद्र, बसस्थानक, रुग्णालय अशा ठिकाणी हे फार कामाचं आहे. मोकळ्या मैदानावर मात्र वायफायकडून फार अपेक्षा ठेवू नये.

माझ्या मते गर्दीसाठी सगळ्यात मोलाचं तंत्र यातलं कुठलंच नाही. ते आहे सेल ब्रॉडकास्ट. २०२३ मध्ये आपल्या फोनवर अचानक भोंग्यासारखा आवाज होऊन चाचणीचा संदेश झळकला होता, आठवतं? अनेकांनी घाबरून फोन खाली ठेवला होता. त्याचं वैशिष्ट्य असं की टॉवर संदेश एकदाच सोडतो आणि त्याच्या हद्दीतले सगळे फोन तो ऐकतात. शंभर फोन असोत की एक लाख, टॉवरवरचा भार तेवढाच. दार ठोठवायची गरजच नाही, कारण टॉवरच ओट्यावर येऊन दवंडी देतो. भारतातली ही यंत्रणा सी-डॉट या सरकारी संस्थेने तयार केली आहे. "अमुक पूल बंद, तमुक रस्त्याने वळा" एवढं वाक्य ठरावीक टॉवरच्या हद्दीतच पाठवता येतं. ते कोणत्या भाषेत पाठवायचं, याची आखणी मात्र आधी करावी लागते. पेठ रोडवरून येणाऱ्या भाविकाला गुजराती लागेल, बाकीच्यांना मराठी आणि हिंदी.

फोनमधून फोनमध्ये ब्लूटूथने संदेश पुढे सरकवणारी अॅप्सही चर्चेत आहेत. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात फायरचॅट गाजलं; ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक असलेले जॅक डोर्सी यांनी जुलै २०२५ मध्ये बिटचॅट आणलं. कल्पना चांगली आहे, कारण गर्दी जितकी दाट तितकी साखळी पक्की. पण सोबतच्या सगळ्यांकडे तेच अॅप हवं, बॅटरी भराभर उतरते, आणि संदेश मुळात कुणी सोडला ते कळत नाही. गर्दीत "पूल पडला" एवढी एक अफवा पुरते. बातमी आली की आधी खातरजमा करा, ही शिकवण आपल्याला नवीन नाही. तरी हात आधी फॉरवर्डच्या बटणाकडे जातो.

जीवाशी गाठ

हा सगळा प्रकार तंत्राच्या हौसेचा नाही. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या पंचवटीत, सरदार चौकाजवळच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. २४ सप्टेंबर २०१५ ला मिनात जे घडलं ते आपल्यातल्या अनेक घरांनी भोगलं. सौदी सरकारने ७६९ मृत्यू सांगितले. वृत्तसंस्थांनी देशोदेशीचे आकडे जोडले तेव्हा ते दोन हजारांच्या पुढे गेले. बेपत्ता माणसांचा शोध कित्येक दिवस चालला. २९ जानेवारी २०२५ ला मौनी अमावस्येच्या पहाटे प्रयागराजला चेंगराचेंगरी झाली, तेव्हा सरकारने ३० मृत्यू जाहीर केले. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस हजारो भाविक शहरात अडकून पडले, घरच्यांशी संपर्क होईना. तेव्हा प्रयागराजच्या मुस्लिम वस्त्यांनी मशिदी, इमामवाडे, यादगार-ए-हुसैनी इंटर कॉलेजसारख्या शाळा त्यांच्यासाठी उघडल्या, जेवण दिलं, पांघरुणं दिली. अशा वेळी माणूस पाण्याआधी विचारतो, "भाई, फोन चार्ज करायला मिळेल का?"

नाशिकला या बाबतीत एक चांगला वारसा आहे. २०१५ च्या मेळ्याच्या निमित्ताने अमेरिकेतल्या एमआयटीतले मूळ नाशिककर प्राध्यापक रमेश रासकर आणि इथले सुनील खांडबहाले यांच्या पुढाकारातून कुंभथॉन हा उपक्रम चालला. त्यात नाशिकच्या मुलांनी पायाखाली अंथरायची एक चटई तयार केली, नाव अशिओटो. किती पावलं पडली ते ती मोजायची आणि गर्दीचा अंदाज द्यायची. मोबाईल टॉवरच्या माहितीवरून गर्दी कुठे साचते ते ओळखण्याचा विचारही त्याच उपक्रमात झाला. मला चटई आवडते, कारण ती पाय मोजते, नाव विचारत नाही. फोनवरून गर्दी मोजायची असेल तर आकडा घ्यावा, कोणाचा फोन कुठे होता हे साठवू नये, एवढी अट आपण आत्ताच मागायला हवी. मेळ्यात बसवलेली नजर मेळ्यानंतर उतरतेच असं नाही.

बडी दर्ग्याजवळचा दुकानदार

जुन्या नाशकातल्या पिंजारघाटावरच्या बडी दर्ग्यापासून गोदाकाठ पायी काही मिनिटांवर आहे. म्हणजे घाटावरच्या गर्दीचे आणि दूधबाजार, चौक मंडई भागातल्या कुटुंबांचे टॉवर बरेचसे सामायिक. अमृतस्नानाच्या दिवशी इथल्या दुकानदाराचं युपीआय अडकलं, बाळंतीणीसाठी रिक्षा बोलवायला फोन लागला नाही, तर दोष कुणाचाच नसेल, पण त्रास खरा असेल.

कॅलेंडर तर आणखी अवघड आहे. चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस मागेपुढे धरला तरी २०२७ ची ईद-ए-मिलाद १५ ऑगस्टच्या आसपास येते, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या अमृतस्नानाच्या मधोमध, आणि स्वातंत्र्यदिनाला लागून. ४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी, आठवड्याने तिसरं स्नान, पाठोपाठ विसर्जन. दीड महिन्यात एकाच शहरात इतक्या गर्द्या. मिलादच्या जुलूसची आखणी करणाऱ्या कमिट्यांनी पोलिसांशी मार्गाची बोलणी करताना नेटवर्कचा विषयही काढावा. घाटासाठी आणलेले छोटे सेल दोन स्नानांच्या मधल्या काळात बंद ठेवू नका, एवढंच म्हणायचं आहे.

मिनाचा टॉवर तिथेच राहतो

आता मूळ मुद्द्यावर. सौदीने हजच्या नेटवर्कवर एवढा पैसा का ओतला? मिना, अराफात, मुजदलिफा या जागा ठरलेल्या, आणि माणसं दरवर्षी तिथेच येणार. २०२५ मध्ये १६,७३,२३० लोकांनी हज केला. आज बसवलेला फाईव्हजीचा खांब पुढच्या वर्षीही कामाला येतो, म्हणून तो कायमचा बसवणं परवडतं. फायबर जमिनीत आहे, खांब पक्के आहेत. तरी तिथेही अडचण संपलेली नाही. आपल्या हाजींसाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये हज सुविधा अॅप आणलं. अॅप उपयोगी आहे, पण वाट चुकलेल्या माणसाला ते नेमकं तेव्हाच हवं असतं जेव्हा नेट तुंबलेलं असतं. इज्तेमाच्या मैदानाचा अनुभवही वेगळा नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये औरंगाबादजवळ लिंबे जळगावला राज्यस्तरीय इज्तेमा झाला, तेव्हा एरवी शेतं असलेल्या माळरानावर तीन दिवसांसाठी एक शहरच वसलं होतं.

नाशिकला मेळा बारा वर्षांनी येतो. त्यामुळे कंपन्या सोपा हिशेब करणार : टॉवर ट्रकवर आणा, काम झालं की हलवा. यात त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. रामकुंडावर एरवी तेवढी गर्दी नसते.

पण ट्रकवरचा टॉवर हवेत चालत नाही. त्याला मागून इंटरनेट पुरवावं लागतं, एकतर जमिनीतल्या फायबरने नाहीतर डोंगरावरून डोंगरावर सोडलेल्या मायक्रोवेव्हने. आणि मेळ्याची तिन्ही स्नानं आहेत ऑगस्ट-सप्टेंबरात. पेठ-त्र्यंबकचा पाऊस ज्याने बघितला आहे त्याला पुढचं सांगायला नको. ज्या उंच लहरींवरून जास्त माहिती वाहून नेता येते, त्याच लहरी मुसळधार पावसात विझतात. ढोबळ मानाने १० गिगाहर्ट्झच्या वर गेलं की पाऊस भोवायला लागतो. घाटात धुकं, वर सरी, वीज गेलेली, जनरेटरचं डिझेल संपत आलेलं. अशा दिवशी सावळघाटात बस बंद पडली तर कामाला येईल फक्त फायबर जोडलेला, बॅटरी असलेला पक्का टॉवर.

आणि फायबर एकदा पुरलं की मेळा गेला तरी ते परत खणून नेत नाहीत. पेठसाठी खरी गोष्ट तीच आहे.

पेठने काय मागावं

पेठ म्हणजे जुनं पेंठ संस्थान. बेगम नूरजहान यांच्या निधनानंतर १८७८ मध्ये ते खालसा होऊन इंग्रजी मुलखात गेलं, एवढा इतिहास नाशिकच्या मुस्लिम घरांतही आता फार कुणाला ठाऊक नसतो. आजचं पेठ हा कोकणा, महादेव कोळी, वारली समाजांचा आदिवासी तालुका आहे. द्राक्षाच्या हंगामात इथली माणसं दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जातात, घरी पोरं आणि म्हातारी राहतात. त्यांच्यामधला धागा म्हणजे फोन. रेशनच्या यंत्राला अंगठा लावायचा तर नेट हवं, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर नेट हवं. रामकुंडावर फोन तासभर लागला नाही तर बातमी होते. इथे तो दिवसभर लागला नाही तरी कुणी विचारत नाही.

सरकारी योजना नाहीत असं नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, देशातल्या २४,६८० नेटवर्क नसलेल्या गावांत बीएसएनएलमार्फत फोरजी पोहोचवण्यासाठी. १७ जानेवारी २०२५ ला आणखी एक चांगलं पाऊल पडलं. सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर आता दुसऱ्या कंपनीचं सिमही चालू शकेल, अशी सोय सुरू झाली. घाटातल्या माणसासाठी ही फाईव्हजीपेक्षा मोठी गोष्ट आहे. टॉवर एका कंपनीचा आणि सिम दुसऱ्याचं, म्हणून माणूस टॉवरखाली उभा राहून हतबल, हे आता तरी थांबायला हवं. मेळ्याच्या काळात पेठ रस्त्यावरच्या सगळ्याच टॉवरवर, खासगी कंपन्यांच्यासुद्धा, ही सोय लागू करा, असा आग्रह प्राधिकरणाकडे धरता येईल. यात नवा टॉवर लागत नाही, लागते ती फक्त कंपन्यांची तयारी.

उपग्रहाचंही नाव निघतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशा जिल्ह्यांचा उल्लेख होता. नाशिक जिल्हा म्हटलं की द्राक्षं आणि कारखाने डोळ्यांसमोर येतात, पेठ-सुरगाणा मागेच राहतात. उपग्रहाचा एक झोत मोठ्या भूभागावर पडतो आणि त्यातल्या सगळ्यांनी तो वाटून घ्यायचा असतो. म्हणून मेळ्याच्या गर्दीला तो पुरणार नाही, पण डोंगरातल्या आश्रमशाळेला किंवा आरोग्य उपकेंद्राला नक्की पुरेल. म्हणजे उपग्रह पाड्यावर आणि छोटे सेल घाटावर, अशी साधी विभागणी आहे.

राहिलं फायबर. "जंगलाची जमीन आहे, परवानगी मिळत नाही" हे उत्तर पेठकरांनी बऱ्याचदा ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरण्याची तरतूद आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान यांच्याच यादीत वीज आणि दूरसंचाराच्या वाहिन्याही आहेत. अट एकच महत्त्वाची : ग्रामसभेची शिफारस. झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तोडता येत नाहीत. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या मार्गाधिकार नियमांनी केबलसाठी परवानगीची रीत ठरवून दिली आहे आणि सामायिक नळीचा मार्ग मोकळा केला आहे. मेळ्यासाठी रस्ता खोदलाच जाणार असेल तर त्याच चरात एक रिकामी नळी टाकून ठेवायला कितीसा खर्च येतो? नंतर तोच रस्ता पुन्हा खोदायचा खर्च त्याच्या कित्येक पट असतो, हे पेठ रोडवर राहणाऱ्या कुणालाही विचारा.

मेळा होईपर्यंत आपल्या हातात असलेल्या गोष्टी साध्या आहेत, हज-उमराला जाणाऱ्यांनाही त्या तशाच लागू पडतात. गर्दीत कॉलऐवजी साधा एसएमएस करा, तो छोटा असतो आणि वाट मिळाली की निसटून जातो. फोन लागला नाही तर पाच मिनिटं थांबा, सारखा रिडायल करू नका. व्हिडिओ रात्री मुक्कामी पोहोचल्यावर पाठवा. घरून निघतानाच भेटायची जागा आणि वेळ ठरवा. मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. कागदाला रेंज लागत नाही. आणि फोनवर "फक्त आपत्कालीन कॉल" असं दिसत असेल तर ११२ लावून बघा, तो कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो.

ग्रामसभा १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला होतात. पेठ तालुक्यातल्या रस्त्यालगतच्या गावांनी ध्वजारोहणाआधी ठराव करून ठेवले, तर मेळ्याच्या कामांच्या यादीत नाव घालायला वेळ मिळेल. ठरावात कोणता पाडा, रेंज कुठून कुठपर्यंत जाते, जवळचा टॉवर कोणत्या कंपनीचा, रेशन दुकान आणि उपकेंद्र कुठे आहे, एवढं लिहावं, आणि कलम ३(२) चा उल्लेख करावा. प्रती तहसीलदार, प्रकल्प कार्यालय आणि कुंभमेळा प्राधिकरण अशा तिन्ही ठिकाणी द्याव्यात, पोच घेऊन.